शब्दचर्चा: 'चार्ड' ओकचं पिंप, करपलेलं की खरपूस?

पुणेरी_अनुवादिका
बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या चवीवरचा एक लेख मराठीत आणतेय. बाटली जिम बीम डबल ओकची, खिशाला परवडणारी, 43 टक्के अल्कोहोल. चार्ड (आतून आगीनं काळवंडलेल्या) ओकच्या नव्या पिंपात चार वर्षं राहिली की ती तशाच दुसऱ्या नव्या पिंपात जाते. मी लिहिलं, 'ओकच्या करपलेल्या पिंपांत दोनदा मुरवलेली'. संपादकांनी 'करपलेल्या' खोडून 'खरपूस भाजलेल्या' केलं. म्हणे, करपलेलं म्हणजे बिघडलेलं, असं वाचून बाटली कोण घेईल? तुम्ही काय लिहाल?

सोलापूरची_सुगरण
संपादकांचं बरोबर आहे. दूध करपतं, भाकरी करपते. करपणं लक्ष नसताना होतं. मुद्दाम केलं की खरपूस. शेंगदाणे खरपूस भाजतात, बेसन खरपूस भाजतात. संस्कृतात 'खर' म्हणजे तीव्र, कठोर. खरपूस त्यातूनच आला असावा असा माझा जुना तर्क आहे.

लुईव्हिलकर
मी अमेरिकेत, केंटकीत राहतो, पिंपांचा कारखाना आतून पाहिलाय. तिथे 'टोस्ट' वेगळं आणि 'चार' (char) वेगळं. टोस्ट करताना मंद धगीवर लाकूड तपकिरी होईपर्यंत शेकतात. 'चार' करताना पिंपाच्या आतला भाग चक्क पेटवतात. एक मिनिटही लागत नाही. सर्वांत कडक, चौथ्या क्रमांकाच्या 'चार'ला साधारण 55 सेकंद. मागे कोळशाचा भेगाळलेला थर उरतो, त्याला 'अ‍ॅलिगेटर चार' म्हणतात. याला खरपूस म्हटलं तर टोस्टला काय म्हणणार? वुडफर्ड रिझर्व्हच्या डबल ओक्ड या बर्बनचं दुसरं पिंप आधी भरपूर शेकतात आणि मग हलकंच जाळतात. तिथे एका शब्दावर भागत नाही. माझ्या मते टोस्टला 'शेकलेलं', 'चार'ला सरळ 'आतून जाळलेलं'.

भाषाशुद्धी_मंडळी
ओक, टोस्ट, चार. पिंपसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. यात मराठी किती उरली? 'कोळपलेल्या काष्ठकुंभांत दुबार पक्व झालेली' असं लिहा. महापौर, दिग्दर्शक हे घडवलेलेच शब्द, आज कुणाला खटकतात का? वापरलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे?

यवतमाळचा_शेतकरी
कोळपतं ते उन्हानं, पाण्यावाचून, उभं पीक. पिंपाला ते लागू होत नाही. आणि 'दुबार' तर नकोच. आमच्याकडे दुबार म्हटलं की दुबार पेरणी. पाऊस दडी मारतो, पहिलं बी वाया जातं, कर्ज काढून पुन्हा पेरावं लागतं. वाचणाऱ्याला वाटेल, पहिल्या पिंपात माल बिघडला म्हणून दुसऱ्यात ओतला.

लुईव्हिलकर
नेमकं! पहिल्या पिंपातून निघते तेव्हाच ती पूर्ण बर्बन असते. कायद्यानं निदान 51 टक्के मका हवा, पिंप नवं आणि आतून जाळलेलं हवं, वरून रंग घालायचा नाही. दुसऱ्या पिंपाचं ताजं लाकूड आणखी देऊन जातं: लिग्निन या लाकडातल्या घटकामधून व्हॅनिलाचा वास, लाकडातल्या साखरांमधून कॅरमेल. मला आधी व्हॅनिला आणि गुळाचा गोळीबंद पाक लागतो, गिळल्यावर जिभेच्या कडांना तुरटपणा राहतो. 'धुरकट' मात्र लिहू नका. तो धूर पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याच्या इंधनाचा, स्कॉटलंडच्या आयला बेटावरचा. इथे लाकूड जळलं तरी दारूला धूर लागत नाही.

पुणेरी_अनुवादिका
'तुरट' घेतला! मी 'कोरडा शेवट' लिहून बसले होते.

भाषाशुद्धी_मंडळी
'मुरवलेली'लाही माझा आक्षेप आहे. मुरतं ते लोणचं. दारू जुनी होते.

सोलापूरची_सुगरण
मुरणं म्हणजे आत जिरणं. फोडीत मीठ जिरतं तसं लाकडात काही जिरतं का, एवढंच बघायचं.

लुईव्हिलकर
जिरतं. उन्हाळ्यात गोदाम तापलं की दारू फळ्यांत शिरते, थंडीत बाहेर येते. 'मुरणं'च हवं.

मांडवीकाठ
आमची फेणी बघा. काजूच्या रसाची पहिल्यांदा भट्टी लावली की हुर्राक, पुन्हा लावली की फेणी. ती ठेवायची काचेच्या गर्राफांवात, म्हणजे मोठ्या बुधल्यात, म्हणून पाण्यासारखी नितळ राहते. दोनदा उकळणं आणि दोनदा मुरवणं यांत वाचकाची गल्लत होईल, तेव्हा 'दोन पिंपांत' असंच लिहा. बर्बनला दर वेळी नवं पिंप लागतं, त्यामुळे तिथली वापरलेली पिंपं इथल्या पॉल जॉनकडे व्हिस्कीसाठी येतात. आजोबा त्याला 'पीप' म्हणायचे, अनुस्वार नाही. पोर्तुगीज 'पीपा'च्या ते जवळचं आहे, खरं तर तेच शुद्ध.

यवतमाळचा_शेतकरी
शुद्ध काय ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे पिंप म्हणजे पत्र्याचं, पाण्याचं नाहीतर रॉकेलचं. लाकडाचं पिंप मी पाहिलेलं नाही. 'बॅरल' लिहा, माझ्या मुलाला कळेल.

भाषाशुद्धी_मंडळी
म्हणजे चारशे-पाचशे वर्षं मराठीत नांदलेला शब्द काढून इंग्रजी घालायचा?

मांडवीकाठ
अहो, वर तुम्हीच त्याला परका म्हणालात! मग 'पगार' आणि 'बटाटा'ही काढणार का?

सोलापूरची_सुगरण
आमच्या घरी ज्वारी ठेवायचं पिंप आहे, तेही पत्र्याचंच. लाकडाच्या पिंपाला मराठवाड्यात किंवा कोकणात वेगळा शब्द कुणी ऐकलाय का?