गावच्या ग्रामपंचायतीचं फुकट वायफाय पुरेल, की पैसे भरून फायबर घेऊ? (लांजा तालुका)

सड्याखालची

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कंटाळू नका.

जून ते सप्टेंबर गावाला राहून काम करायला ऑफिसने एकदाचा होकार दिलाय. काम पगारपत्रकांचं. दिवसभर कंपनीच्या व्हीपीएनवर (म्हणजे ऑफिसच्या सुरक्षित खासगी जाळ्यावर), शिवाय दोन-तीन व्हिडिओ मीटिंगा, त्यातली एक रोज संध्याकाळी साडेसहाला. आमचं घर घाटीखाली, जांभ्या चिऱ्याचं. मोबाइलला मागच्या पडवीत एक दांडी येते, तीसुद्धा खांबाला टेकून उभं राहिलं तर. माजघरात शून्य.

ग्रामपंचायत आमच्यापासून दीडशे पावलांवर. तिथे भारतनेटचं (सरकारच्या गावोगाव फायबर नेण्याच्या योजनेचं) वायफाय आहे, फुकट. बाबांचं म्हणणं, "पोरं रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर बसून सिनेमे उतरवतात, तुलाच काय कमी पडणार आहे? महिन्याला सहाशे म्हणजे चार महिन्यांचे चोवीसशे. युरियाच्या नऊ गोणी येतात त्यात." बाबा सगळे हिशेब गोणीत करतात.

शिमग्याला गेले होते तेव्हा करून बघितलं. वायफाय जोडलं की पान उघडतं, मोबाइल नंबर टाका म्हणतं, मग ओटीपी. पण ग्रामपंचायतही घाटीखालीच, तिथे रेंज नाही, म्हणजे ओटीपी येणार कुठे? सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढून ओटीपी घेतला, खाली येईपर्यंत मुदत संपली. असं दोनदा. शेवटी माझा फोन देऊन आत्येभावाला सड्यावर उभा केला आणि त्याने वरून ओरडून आकडे सांगितले. अख्ख्या वाडीला माझा ओटीपी कळला. एवढं करून सकाळी ११ एमबीपीएस स्पीड मिळाला, संध्याकाळी १ च्या खाली. लाईट गेली की सगळंच गेलं.

दुसरा पर्याय म्हणजे आमच्याकडचा केबलवाला बीएसएनएलचं फायबर जोडून देतो. ४९९ चा प्लॅन, वर जीएसटी. खांबापासून घरापर्यंत वायर ओढायचे वेगळे मागतोय. चार महिन्यांसाठी एवढं करावं का?

पेठकर

फुकटला एवढी नावं ठेवू नका हो. रेल्वे स्टेशनांवर २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून फुकट वायफाय सुरू झालं. एर्नाकुलम स्टेशनवरचा एक हमाल ओझी वाहता वाहता कानात इअरफोन घालून त्याच वायफायवर धडे ऐकायचा. २०१८ साली केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. ज्याला करायचंय तो करतो. दीडशे पावलं म्हणजे काही लांब नाही, लॅपटॉप उचलायचा आणि जायचं.

माऊची_आई

@पेठकर, भर पावसात लॅपटॉप घेऊन? आणि सगळ्यांचे पगार उघड्या वायफायवर, ग्रामपंचायतीच्या बाकावर बसून? शेजारी कोण डोकावतंय ते पाहणार कोण?

सड्याखालची, तुझ्या फोनवर अनलिमिटेड ५जी आहे का? बहुतेक कंपन्या रोजच्या २ जीबीच्या किंवा त्यावरच्या पॅकवर देतात. हॉटस्पॉट करून बघ.

सड्याखालची

अगं, ५जी घाटावरच राहिलं. आमच्या टॉवरवर ४जीच आहे आणि तोही डोंगराआड. रोजचे २ जीबी मिळतात ते दुपारच्या जेवणाआधी संपतात.

जुनं_खोड

'फुकट' म्हटलं की मी आधी विचारतो, नेमकं काय फुकट?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते आमच्या आवाक्यात नव्हतं. पुढे २००० च्या सुमाराला कॅलटायगर नावाची फुकट सेवा निघाली. आम्ही पोरं हरखलो. इंटरनेट फुकट होतं हे खरंच, पण ते टेलिफोनवरून लावायचं आणि टेलिफोनचा पल्स, म्हणजे बिलाचं मीटर, चालूच राहायचा. महिन्याअखेर फोनचं बिल आलं. वडील काही बोलले नाहीत, मोडेमची वायर काढून कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला.

२०१६ ला ५ सप्टेंबरपासून जिओने फुकट दिलं, ते ३१ मार्च २०१७ पर्यंत. घराघरांत सगळे रात्रंदिवस व्हिडिओ बघायला लागले. एप्रिलपासून पैसे सुरू झाले तेव्हा सवय लागलेली होती. मी तक्रार करत नाहीये, त्यामुळे पुढे डेटा स्वस्तच झाला.

भारतनेटसुद्धा आभाळातून पडलेलं नाही. २०११ साली वेगळ्या नावाने ही योजना आली. तिचा खर्च ज्या निधीतून होत आला, त्यात मोबाइल कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के भरतात. म्हणजे ताई, तुमच्या रिचार्जमधूनच. तेव्हा ते हक्काने वापरा. पण त्याच्या भरवशावर नोकरी करू नका.

तारवाला

अकरा वर्षं याच कामात आहे. खांबावर चढणं, जोड मारणं, शिव्या खाणं, सगळं केलंय. तेव्हा जरा लांबण लागेल.

पेठकर साहेबांच्या हमालाला सलाम. पण तो धडे ऐकत होता. नेट दहा मिनिटं गेलं तर धडा दहा मिनिटं उशिरा ऐकला, बिघडलं काय? ताईंची साडेसहाची मीटिंग दहा मिनिटं थांबत नाही. फुकट आणि विकतमध्ये स्पीडचा फरक आहेच, पण खरा फरक इथे आहे. ग्रामपंचायतीत एकच लाइन येते. तिच्यावर कार्यालयाचं दाखल्यांचं काम, कधी शाळा, आणि वर कट्ट्यावरचे वीस-पंचवीस मोबाइल. संध्याकाळी साडेसहा ही नेमकी पोरांची वेळ. आणि बंद पडलं तर तक्रार कोण लिहून घेणार? तुमच्याकडे ग्राहक क्रमांकच नाही. शुक्रवारी बंद पडलेली पेटी ग्रामसेवक सोमवारी आल्यावर चालू झालेली मी कितीदा पाहिली आहे.

आता पैशाचं. ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. त्यात महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण स्पीड, पुढे कमी होतो. तुमच्या मीटिंगा आणि व्हीपीएन मिळून दिवसाचे ४ जीबी धरा, २२ दिवसांचे ८८. म्हणजे मर्यादेची चिंताच नको. त्यामुळे प्लॅन सगळ्यात खालचा घ्या. केबलवाला वरचा गळ्यात मारायला बघेल.

पैसे द्यायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा.

पहिली, मेन लाइन कुठून येते. हायवेच्या कडेने जमिनीतून येत असेल तर जेसीबी, खांबांवरून येत असेल तर पावसात पडणारी झाडं. दोन्हीला इलाज नाही, पण तुटली तर जोडायला माणूस कुठून येतो ते कळतं. लांज्याहून येणार असेल तर ठीक. रत्नागिरीहून येणार असेल तर दिवस गेला समजा.

दुसरी, जोडणी झाल्यावर "पॉवर किती आली?" असं विचारा, म्हणजे वायरीतून घरापर्यंत प्रकाशाचा जोर किती पोचतो. त्याच्याकडे छोटं मीटर असतं, त्यावर उणे आकडा दिसतो. उणे २० च्या आसपास असेल तर झकास. उणे २७ च्या पलीकडे गेला तर पैसे देऊ नका, जोड परत मारायला लावा. हा आकडा गिऱ्हाइकाने विचारला की माणूस जरा नीट काम करतो, हे आमच्यातलं गुपित.

तिसरी, ऑक्टोबरपासून कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवता येईल का. नाहीतर बंद घराचं आठ महिने भाडं भरत बसाल.

घरातलं सांगतो. चिऱ्याची दीड फुटी भिंत, पावसाळ्यात ओल धरलेली. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल तिच्यापलीकडे जाणार नाही. ज्या खोलीत बसणार तिथपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. फायबरची वायर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, आत काच असते.

आणि आभाळातली वीज. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या वायरला आधाराची लोखंडी तार असते. ती घराबाहेरच कापून बांधायला सांगा, आत आणू देऊ नका. राउटरचा अ‍ॅडॉप्टर गडगडायला लागलं की सॉकेटमधून उपटायचा, बटण बंद करून भागत नाही. लाईट जाते त्यासाठी १२ व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस घ्या, तीन-चार तास निघतात.

माऊची_आई

तारवाला, किती छान लिहिलंत! एक भर घालते. वर्षाचे पैसे एकदम देऊ नकोस. आमच्याकडच्या एका ऑपरेटरने (नाव नको) "बारा महिने भरा, दोन महिने फुकट" म्हणून पैसे घेतले आणि पाचव्या महिन्यात धंदाच दुसऱ्याला विकला. नवा म्हणतो, तुमची पावती आमच्याकडे नाही. चौदा महिन्यांतले नऊ बुडाले. महिन्याच्या महिन्याला भर.

नाक्यावरचा

मधला मार्ग कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. पीएम-वाणी. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं. किराणावाला, चहावाला कोणीही आपल्या ब्रॉडबँडवर लोकांना वायफाय विकू शकतो, परवाना लागत नाही. पाच-दहा रुपयांत दिवसाचा डेटा मिळतो. तुमच्या वाडीत कोणी चालवतं का बघा.

सड्याखालची

आमच्या वाडीत दुकान एकच. तिथे काडेपेटी मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचा :-)

पण सगळ्यांचे खूप आभार. बाबांना जुनं_खोड यांची मोडेमची गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, "शहाणा माणूस होता." कपाटाला किल्ली लावणारे वडील हं, लिहिणारे नव्हेत.

सड्याखालची

पाच आठवड्यांनी आलेय, धागा वर काढते.

फायबर घेतलं, खालचा प्लॅन, महिन्याच्या बोलीवर. केबलवाल्याला पॉवर विचारली तर तो माझ्याकडे बघतच राहिला, मग मीटर लावलं. उणे २९! कुरकुरत परत खांबावर चढला, जोड बदलला, उणे २१ आली. तारवाला, तुमच्या नावाने आंब्याची पेटी ठेवली असती, पण हंगाम सरला.

गेल्या सोमवारी रात्री वळणावरचा ऐन मोडून खांबावर पडला. सकाळी राउटरवर लाल दिवा. तक्रार नोंदवली, बुधवारी दुपारी दोघे जण रेनकोट घालून आले आणि भर पावसात जोड मारून गेले. मधल्या वेळेत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून काम केलं, कारण तिथली लाइन दुसऱ्या बाजूने येते. तेही फक्त बाकीचं काम, पगार उघडलेच नाहीत. साडेसहाच्या मीटिंगला मात्र आवाज तुटत होता, मागे पोरं क्रिकेटचा सामना लावून बसलेली. बॉसने विचारलं, "कोण जिंकतंय?"

तर ग्रामपंचायतीचं अगदीच सोडलेलं नाही. लॅपटॉपचे मोठे अपडेट सकाळी सातला तिथेच उतरवते, तेव्हा कट्टा रिकामा असतो. ओटीपीसाठी आता आत्येभाऊ स्वतःहून सड्यावर जातो, एका वेळेचा एक वडापाव असा दर ठरलाय.

शेवटची शंका. राउटर सध्या ओटीवर आहे, तिथे सगळ्यांचे हात लागतात. माळ्यावर ठेवू का? उंचावरून पूर्ण घरात रेंजही येईल.

तारवाला

माळ्यावर अजिबात नको. उंदीर. गेल्या पावसात चार घरांची वायर मी माळ्यावरूनच बदलली आहे. माजघराच्या दारावर फळी ठोका, तिथे ठेवा. वायर भिंतीला चिकटून नेऊ नका, पाइपातून न्या.

आणि सड्यावरच्या माणसाचा दर वाढवा. पाऊस आहे.