सिंह नव्हता, मारकी गाय होती

(वसईतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ६ आणि ७ मार्चला झालेली चर्चा. गुड मॉर्निंगची फुलं आणि पार्किंगचं भांडण वगळून.)

*६ मार्च*

सुनीता वहिनी, बी-२०३ (सायं. ६:४०)
परवा महिला दिन. संध्याकाळी ६ वाजता गच्चीवर. पावभाजी, संगीत खुर्ची आणि पाच मिनिटांचं एक भाषण. जिजाऊ आणि सावित्रीबाई गेल्या दोन वर्षांत झाल्या. नवीन कोणीतरी सुचवा.

लेले काका, ए-१०२ (६:५२)
फॉरवर्डेड: उद्या ७ मार्च. याच दिवशी रोममध्ये क्रूर नीरोने राणी पर्पेतुआ व तिची दासी फेलिसिटी यांना सिंहांपुढे फेकले. पुढे पाठवा.

लेले काका (६:५३)
टीचर, हे तुमच्यातलं ना? बघा सुनीताच्या कामाचं आहे का.

देशमुख सेक्रेटरी (६:५५)
धार्मिक पोस्ट नकोत, हा ग्रुपचा नियम आहे. टँकर उद्या सकाळी ७ ला. सी आणि डी विंगने पाणी जपून वापरा.

परेरा टीचर, सी-४०१ (७:२०)
लेले साहेब, तुमच्या पोस्टमध्ये तारीख तेवढी बरोबर आहे. गाव रोम नाही, कार्थेज. आजच्या ट्युनिस शहराला लागून. साल २०३. नीरो मरून तेव्हा १३५ वर्षं झाली होती, गादीवर सेप्टिमियस सेव्हेरस होता. पर्पेतुआ राणी नव्हती. चांगल्या घरची, शिकलेली, २२ च्या आसपासची मुलगी, अंगावर पिणारं बाळ. फेलिसिटी गुलाम होती हे खरं, पण पर्पेतुआची दासी होती असं मूळ लिखाणात कुठेही नाही. आणि सिंह नव्हता. गाय होती.

लेले काका (७:२१)
गाय???

रोहन, डी-५०३ (७:२१)
टीचर, गाय म्हणजे आपली गाय?

परेरा टीचर (७:२५)
मारकी गाय. मुद्दाम निवडून आणलेली. बरोबरच्या पुरुषांसाठी बिबट्या, अस्वल, रानडुक्कर. बायकांसाठी जनावरही मादीच. खेळ भरवणाऱ्यांना त्यात मजा वाटली असणार.

लेले काका (७:२६)
गाईला कशाला ओढायचं यात.

देशमुख सेक्रेटरी (७:२७)
म्हणूनच म्हणतो नको.

परेरा टीचर (७:३३)
देशमुख साहेब, ३१ वर्षं मी इतिहास शिकवला. ही इतिहासाची पोस्ट समजा. या मुलीने तुरुंगात लिहिलेलं टिपण आज आपल्या हातात आहे. त्या काळातल्या बाईच्या स्वतःच्या शब्दांत असं किती उरलंय? बोटांवर मोजण्याइतकं. पटलं नाही तर पोस्ट काढून टाका.

सुनीता वहिनी (७:३४)
राहू दे हो देशमुख भाऊजी. टीचर, सांगा ना. लिहिलंय काय तिने?

परेरा टीचर (७:५८)
सावकाश लिहिते, चष्मा शोधावा लागला.

पकडली तेव्हा तिचा बाप्तिस्मासुद्धा (ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी) झालेला नव्हता, शिकवणी चालू होती. बरोबर रेव्होकातस, फेलिसिटी, सातुर्निनस, सेकुंदुलस. त्यांचा गुरू सातुरस नंतर आपणहून येऊन मिळाला. पहारा बसलेला असतानाच बाप्तिस्मा घेतला, मग कोठडी. ती लिहिते, मी घाबरले, असला अंधार मी कधी बघितला नव्हता. गर्दीने जीव उकडून निघत होता, शिपाई पैसे उकळत होते. आणि या सगळ्याच्या वर बाळाची काळजी. चर्चचे दोन सेवक, म्हणजे डीकन, तेर्तियस आणि पोम्पोनियस, यांनी शिपायांचे हात ओले केले, तेव्हा या लोकांना काही तास बऱ्या जागी आणलं. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या पोराला पाजलं. पुढे बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली. तेव्हाचं तिचं वाक्य: तुरुंग मला एकदम राजवाडा झाला, दुसरीकडे कुठे असावंसंच वाटेना.

रोहन (८:०१)
चिरीमिरी दिली की सोय. तेव्हापासून चालू आहे म्हणजे.

सुनीता वहिनी (८:०२)
नवरा कुठे होता?

परेरा टीचर (८:०४)
रीतसर लग्न झालेली, एवढं लिहिलंय. नवरा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही येत नाही.

सुनीता वहिनी (८:०४)
नवल नाही.

परेरा टीचर (८:१६)
येतो तो बाप. चार वेळा. पहिल्यांदा समजवायला आला तेव्हा तिथे एक भांडं होतं. ती म्हणाली, बाबा, हे भांडं दिसतंय ना, याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल? नाही म्हणाला. मग मीही जी आहे ती आहे, ख्रिस्ती. तो असा धावून आला की जणू डोळेच काढतो. दुसऱ्यांदा आला तो पार खचलेला. हातांचे मुके घेतले, पायांवर लोळण घेतली, आणि तिला मुलगी न म्हणता 'बाईसाहेब' म्हणायला लागला. माझ्या पिकल्या केसांकडे बघ म्हणाला. तिसऱ्यांदा भर चौकात, सुनावणीच्या वेळी, बाळाला कडेवर घेऊन.

सुनावणी घेणारा हिलारियानस. प्रॉकॉन्सल, म्हणजे प्रांताचा सुभेदार, वारला होता, त्याच्या जागी हा काम बघत होता. म्हणाला, बापाच्या म्हातारपणाची दया कर, बाळाची दया कर, सम्राटांच्या कल्याणासाठी यज्ञ कर. ती म्हणाली, नाही करणार. ख्रिस्ती आहेस? आहे. बाप मधेमधे येतो म्हणून त्याला ढकलून छडी मारली. ती लिहिते, बाबांना मारलं ते मलाच लागल्यासारखं वाटलं.

लेले काका (८:३०)
मला त्या बापाचं कळतं.

लेले काका (८:३१)
मेसेज डिलीट केला गेला

ग्लोरिया आंटी, सी-१०४ (८:४०)
टीचर, ही नावं चर्चमधल्या मिस्सेत येतात ना? फेलिसिटी, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. मला वाटायचं नुसती यादी आहे. फादर भरभर वाचतात.

परेरा टीचर (८:४२)
तीच ही. ती लांब प्रार्थना हल्ली क्वचित घेतात, म्हणून कानावर येत नाही.

शबाना भाभी, डी-२०१ (८:५५)
टीचर, तुम्ही लोक हुतात्मा म्हणता की शहीद?

परेरा टीचर (९:०३)
आमच्या मराठीत रक्तसाक्षी. ग्रीक शब्द 'मार्तिस', मूळ अर्थ फक्त साक्षीदार, कोर्टात उभा राहतो तो. आपले गोन्सालो गार्सिया इथले वसईचे, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, त्यांनाही रक्तसाक्षीच म्हणतो.

शबाना भाभी (९:०५)
शहीदचं मूळही तेच, गवाह. आज कळलं दोन्हीकडे एकच आहे.

रोहन (९:२०)
शंका विचारू? तिनेच लिहिलं कशावरून? नंतर कोणीतरी तिच्या नावावर खपवलं असेल. लॅटिनमध्ये आहे ना?

परेरा टीचर (९:३१)
लॅटिन. मधला भाग तिचा, नंतर सातुरसचं एक स्वप्न त्याच्या शब्दांत, आणि आगामागचं तिसऱ्या माणसाचं. तो तिसरा सांगतो की पुढचं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. भाषाही बदलते. त्याची नटवलेली, तिची साधी, छोटी छोटी वाक्यं. शंका घेणारे अभ्यासक आहेत, बहुतेक जण मानतात. दोनशे वर्षांनी बिशप ऑगस्टीन या दिवशी प्रवचनं द्यायचा तेव्हा हे चर्चमध्ये वाचलं जायचं. हा बायबलचा भाग नव्हे, हेही त्याला बजावून सांगावं लागलं. माझं स्वतःचं कारण वेगळं आहे, उद्या सांगते. झोपा आता.

*७ मार्च*

मीनल, ए-३०४ (रात्री २:१०)
सगळं आत्ता वाचलं. बाळ उठलंय, सात महिन्यांचं आहे. सॉरी टीचर, पण मला राग आला. एक यज्ञ करायचा आणि घरी यायचं ना. मनात काय मानायचं ते मानायचं. पिणारं बाळ सोडून कोणी मरायला जातं का? याला आपण महिला दिनाला टाळ्या वाजवायच्या?

देशमुख सेक्रेटरी (सकाळी ७:०५)
टँकर आला आहे.

परेरा टीचर (७:४०)
मीनल, सॉरी कशाला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा धाकटा चार महिन्यांचा होता, मलाही रागच आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही.

सुनावणीनंतर तिने पोम्पोनियसला बाळ आणायला पाठवलं. बापाने दिलं नाही. मग ती लिहिते: देवाच्या इच्छेने बाळाने अंगावरचं मागणं सोडलं, आणि माझी छातीही भरून आली नाही, नाहीतर काळजी आणि ते दुखणं दोन्ही सोसावं लागलं असतं. रोहन, काल म्हटलं ते माझं कारण हे. रक्तसाक्षीचा महिमा गाणाऱ्या कुठल्या पुरुषाला ही ओळ सुचली असती?

मीनल (७:५२)
कामावर परत जायला लागले तेव्हा पहिले आठ दिवस मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले आहे त्या दुखण्याने. हे तिने लिहिलंय?

परेरा टीचर (७:५३)
लिहिलंय.

सुनीता वहिनी (८:१०)
आणि फेलिसिटीचं काय? सगळं पर्पेतुआचंच चाललंय.

परेरा टीचर (८:३४)
बरोबर पकडलंत. तिला कोणी लेखणी दिली नाही. फेलिसिटी आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला शिक्षा देता येत नसे, म्हणून तिला भीती की आपण मागे राहू आणि नंतर कुठल्या तरी चोर-खुन्यांबरोबर एकटं जावं लागेल. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि लगेच कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, तेही तुरुंगात. विव्हळत होती तेव्हा तिथला एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच ओरडतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, आत्ता जे सोसतेय ते माझं मी सोसतेय. तिथे माझ्यात दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली. एका ख्रिस्ती बाईने ती आपली म्हणून वाढवली.

फेलिसिटीचं बोलणं म्हणून उरलंय ते एवढंच.

मीनल (८:४१)
माझ्या बाळाला सांभाळायला येतात त्या ताईंची मुलगी दिवसभर शेजारणीकडे असते. आत्ता त्या दारात आहेत. काय बोलू कळेना.

लेले काका (९:१५)
टीचर, स्वप्नाचं काय ते? ऑगस्टीनचं बघताना यूट्यूबवर शिडी वगैरे आलं.

परेरा टीचर (९:३०)
ते पर्पेतुआचं स्वप्न, तुरुंगात पडलेलं. शिडी पितळेची, आभाळापर्यंत, इतकी अरुंद की एकेकानेच चढायचं. दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे. पायथ्याशी अजगरासारखा राक्षसी साप. ती त्याच्या डोक्यावर पाय ठेवते, पहिली पायरी असल्यासारखा, आणि चढते. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा मेंढपाळ मेंढ्यांचं दूध काढतोय. तो तिला दुधाचा घट्ट झालेला घास देतो. आपण तीर्थ घेतो तसे हात जुळवून ती घेते, सगळे आमेन म्हणतात. जागी झाली तेव्हा तोंडात काहीतरी गोड होतं, म्हणते, मी ते अजून चघळत होते.

लेले काका (९:३३)
छान आहे हे.

ग्लोरिया आंटी (११:०५)
सकाळच्या मिस्सेला गेले होते. आज फादरांनी दोघींची नावं घेतली. मी एकटीच मान वर करून बघत होते.

रोहन (दुपारी १:१५)
लंच ब्रेक. टीचर, शेवट सांगा. गाय.

परेरा टीचर (२:०२)
सम्राटाच्या मुलाचा, गेटाचा वाढदिवस, त्यासाठी खेळ. दारात त्यांना देवळातल्या पुजाऱ्यांचे कपडे घालायला सांगितले, बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचे. पर्पेतुआने ठाम नकार दिला. हे करावं लागू नये म्हणूनच तर आम्ही जीव द्यायला आलोय, तुमचा-आमचा सौदाच तो होता. अधिकाऱ्याने ऐकलं.

मग दोघींचे कपडे काढून जाळ्यांत गुंडाळून आणलं. लोकांनी बघितलं, एक नाजूक पोरगी, आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, छातीतून दूध गळतंय. आणि तो सगळा जमाव, रक्त बघायला आलेला, शहारला. परत नेऊन त्यांना सैल अंगरखे घातले. मग गाय सोडली.

पर्पेतुआ आपटली. उठून बसली, फाटलेला अंगरखा आधी मांडीवर ओढून घेतला. मग केसांची पिन शोधली आणि केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक. मग फेलिसिटीला हात देऊन उठवलं.

सुनीता वहिनी (२:०६)
माझी आजी तिन्हीसांजेला केस मोकळे दिसले की ओरडायची. पिन शोधली हे वाचून मला कसंतरी झालं.

परेरा टीचर (२:१५)
गाईने मारलं नाही. सगळ्यांना शेवटी तलवारीने. तिच्या वाट्याला आलेला पोरगा नवशिका, त्याचा वार हाडावर बसला. ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात धरून तिनेच तलवार गळ्याशी नेली.

हा भाग अर्थात तिसऱ्या माणसाचा. तिचं टिपण आदल्या दिवशी संपतं. शेवटचं वाक्य असं की खेळाच्या दिवशी काय होईल ते ज्याला लिहायचं त्याने लिहावं.

देशमुख सेक्रेटरी (२:४०)
टीचर, हे भाषण पाच मिनिटांत बसणार नाही. दहा घ्या. पावभाजीवाल्याला मी साडेसातची वेळ देतो.

परेरा टीचर (२:४४)
तुरुंगातला भाग मीनलने वाचावा अशी माझी इच्छा आहे. मी मराठी करून देते रात्रीत.

मीनल (३:३०)
बाळ झोपलं तर येते. टीचर, त्या बाळाचं पुढे काय झालं?

परेरा टीचर (३:३८)
आजोबांकडेच राहिला असणार. नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही त्याचं.

मीनल (३:३९)
मुलगा होता?

परेरा टीचर (३:३९)
मुलगा.

देशमुख सेक्रेटरी (४:००)
टँकरचा दुसरा फेरा ५ वाजता. सी विंगने व्हॉल्व्ह बंद ठेवावा.