मदत हवी आहे: हापूसशेजारच्या वाफ्यांना पाणी द्यावं की नको?

नमस्कार मंडळी,
घर पूर्णगडच्या बाजूला, माती जांभ्याची. परसात हापूसचं जुनं, धरतं कलम आहे. परतीचा पाऊस ओसरल्यावर त्याच्या पूर्वेला लाल माठ, मुळा, वांगी आणि थोडी मिरची लावली, कारण परसात चांगलं ऊन तेवढ्याच जागी येतं. ही माती पाणी धरत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी शिंपण करावंच लागतं.

आता वाफ्यांकडच्या फांद्यांवर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटलीय. पलीकडची पानं मात्र गडद हिरवी, कडक. शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "यंदा आंबे विकतच आणा!" भाजीचं पाणी खरंच झाडाला लागतंय का? वाफे ठेवू की मोडू? आणि पातेरा (गळलेला वाळका पाला) आच्छादनाला घातला तर शिंपण कमी होईल ना? (सासूबाई तो भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राखून ठेवायला सांगतात, तो वाद वेगळा.)

सड्यावरचा:
काकांचं बरोबर आहे. पाऊस गेला की धरत्या हापूसला पाण्याचा ताण बसायला हवा, तरच थंडीत मोहोर येतो. या दिवसांत मुळाशी ओल राहिली तर झाड पालवीकडे वळतं, आणि ती जून झाल्याशिवाय मोहोरत नाही. म्हणजे त्या फांद्या मोहोरल्याच तर उशिरा. सगळा दोष तुमच्या पाइपला नको, लांबलेल्या पावसानेही असंच होतं. पालवी खुडू नका. एखादा शेंडा सुकून लोंबला तर आत अळी असते, तेवढा कापून जाळा. झाडाला पाणी थेट फळं वाटाण्याएवढी झाल्यावर: 150 ते 200 लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. नवीन लावलेल्या कलमांना हे लागू नाही हां, त्यांना पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी हवंच.

माडाखाली:
घरात माड असतील तर माठ-मुळा तिकडे न्या. माडांना आता शिंपण लागतंच, एका पाण्यात दोन्ही कामं. उंच माडांखाली पालेभाजीपुरतं ऊन मिळतं. हापूसच्या बाजूला काही हवंच असेल तर घेराबाहेर वाल टोका. भात कापल्यावर आपल्याकडे शेतात उरल्या ओलीवर वाल येतोच की. पातेरा वाफ्यांवर जरूर घाला, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते.

धागाकर्ती:
माड आहेत चार, विहिरीपाशी! माठ तसाही काढणीला आलाय, मुळा पुन्हा पेरते. पण वांग्यांना फुलं आलीत, आता उपटून लावली तर जगतील?

माडाखाली:
फुलावरचं वांगं हलवू नका, मान टाकतं. बुंध्याशी पातेरा जाड पसरा, पाइप बंद करून तांब्याने रोपापुरतं पाणी द्या. पुढची रोपं माडाखालीच, पण कडेला, जिथे ऊन जास्त येतं तिथे.