मदत हवी आहे: टेकडीवरची वाट वाचवायला संस्था काढावीच लागते का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दहा-बारा जण पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणारे. कचरा वेचणं, उन्हाळ्यात रोपांना कॅनने पाणी घालणं चालूच असतं. अडलंय ते वाटेवर. चढाच्या एका वळणावर लोक वळसा टाळून सरळ वर घुसतात. तिथून पावसाचं पाणी वाहून चांगली गुडघाभर घळ पडलीय. मुरूम गेला, उरलाय नुसता घसारा. आता पाय सटकू नये म्हणून लोक कडेच्या गवतातून चालतात, म्हणजे वाट आणखी फाकतेय.

आमच्यातल्या एका काकांनी अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलबद्दल सांगितलं. साडेतीन हजार किलोमीटरची वाट, १४ राज्यांतून जाते. १९२५ साली स्थापन झालेली संस्था समन्वय ठेवते आणि गावोगावचे क्लब आपापला टप्पा सांभाळतात, बहुतेक सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. तेव्हापासून आमच्याकडे संस्थेचं नाव काय ठेवायचं यावर वाद चाललाय. घळ आहे तिथेच!

नोंदणीशिवाय काम करता येतं का? परवानगी कुणाची? आणि त्या घळीचं नेमकं काय करायचं?

प्रतिसाद १
श्रमदानाला नोंदणी लागत नाही. जागा कुणाची ते आधी बघा. वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे फोटोसकट लेखी अर्ज द्या, पोच घ्या. परवानगीशिवाय तिथे कुदळ मारू नका. देणग्या घ्यायच्या असतील तर संस्था काढा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद, शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, मग दरवर्षी ऑडिट. हौस असेल तरच.

प्रतिसाद २
घळ बुजवत बसू नका, पहिल्या पावसात भरलेलं सगळं खाली येईल. पाणी वाटेवरून बाहेर काढा. घळीच्या वरच्या अंगाला वाटेवर तिरकी दगडांची ओळ, दगड निम्म्याहून जास्त पुरलेले, खालचं टोक उताराकडे उघडं. शॉर्टकट वरून आणि खालून, दोन्हीकडून बंद करा. एकच तोंड बंद केलंत तर दुसरीकडून घुसतीलच. सिमेंटच्या पायऱ्या मात्र कुणी फुकट दिल्या तरी नको.

आणि महिन्यातून एकदा नव्या लोकांना सोबत न्या, पक्षी-झाडं दाखवा. टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध झाला तेव्हा टेकडीवर नेमाने चालणारेही उभे राहिले होते. ज्याचा पाय तिथे लागलेला नाही, तो कशाला येईल?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. अर्ज या आठवड्यात देतो. तोंड बंद करायला काटेरी फांद्या चालतील का? पहाटे अंधार असतो, ज्येष्ठ मंडळीही येतात.

प्रतिसाद २
मग काटे नकोत. मोठे दगड ठेवा, पण उतारावरचे उपटू नका, त्यांच्याखाली पाली, विंचू राहतात. घळीत सुटे पडलेले असतील ते वापरा. आणि हे सगळं मे संपायच्या आत.