बंद केलेले क्रेडिट कार्ड पतअहवालात ‘रिटन ऑफ’ दिसते; नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी?

गोदाकाठ:

नमस्कार. मी नाशिकला नोकरी करतो. गृहकर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने माझा पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) मागवला आणि त्यातील दोन नोंदींमुळे माझे प्रकरण मंजुरीच्या टप्प्यावर अडले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिली नोंद एका खासगी बँकेच्या क्रेडिट कार्डाची आहे. हे कार्ड मी मार्च २०२१ मध्ये सर्व बाकी भरून बंद केले. बंद करण्याची विनंती स्वीकारल्याचा आणि त्या दिवशी येणे शून्य असल्याचा बँकेचा ईमेल माझ्याकडे आहे. वेगळे ‘नो ड्यूज’ पत्र मात्र बँकेने दिलेले नाही. अहवालात हेच खाते ‘रिटन ऑफ’, म्हणजे वसूल न होणारे म्हणून बँकेने निर्लेखित केलेले, दिसते, थकीत रक्कम ४,८७२ रुपये दाखवली आहे आणि खाते बंद झाल्याच्या दिनांकाचा रकाना कोरा आहे. मधल्या काळात माझा मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे या बाकीविषयी कोणताही संदेश माझ्यापर्यंत पोहोचला नाही.

मी हा अहवाल तयार करणाऱ्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत, नोंदवला. त्यावर ‘कर्जदात्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे, सबब बदल करता येत नाही’ अशा आशयाचे एका ओळीचे उत्तर आले. दरम्यान एका वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले असून दोन हजार भरा, सेटलमेंटचे पत्र देतो, असे त्यांचे म्हणणे आहे. गृहकर्जाचे काम पाहणारे अधिकारीही रक्कम किरकोळ आहे, भरून टाका, असेच सुचवतात.

दुसरी नोंद माझ्या मेव्हण्यांनी एका नागरी सहकारी बँकेतून घेतलेल्या कर्जाची आहे. मी त्यात केवळ जामीनदार आहे, तरी ते कर्ज माझ्या अहवालात दिसते आणि त्यात दोन महिन्यांखाली ०३१ आणि ०६१ असे आकडे आहेत. कर्ज मी घेतलेलेच नसल्याने ही नोंद चुकीची म्हणून काढून टाकता येईल का?

ताळेबंद:

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने हे प्रकार बरेच पाहिले आहेत. आधी कार्डाविषयी लिहितो.

आपल्याला आलेले एका ओळीचे उत्तर चीड आणणारे असले तरी ते तसे का येते, हे समजून घेतले पाहिजे. पतमाहिती कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलू शकत नाही. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाच्या कायद्यातील कलम २१ ग्राहकाला दुरुस्ती मागण्याचा हक्क देते आणि त्यावर तीस दिवसांत कार्यवाही करण्याचे बंधन घालते. पण ज्या संस्थेने ती माहिती पाठवली, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय बदल होत नाही, अशीही त्यात तरतूद आहे. व्यवहारात आपला डिस्प्यूट बँकेच्या संगणकाकडे जातो, तिथला कर्मचारी खात्यावरची बाकी पाहतो, ४,८७२ दिसतात आणि तो ‘बरोबर आहे’ असे कळवतो. ती बाकी मुळात उभी कशी राहिली, हे पाहणे त्याचे काम नसते. म्हणून भांडण बँकेशी आहे, हे ध्यानात ठेवून पुढची पावले टाकावीत.

बँकेकडे पहिली मागणी मार्च २०२१ पासून आजपर्यंतच्या कार्डाच्या खातेउताऱ्याची करावी. माझा अंदाज असा की, कार्ड बंद करण्याची नोंद ग्राहक सेवा विभागात झाली, पण कार्डाच्या प्रणालीत खाते चालूच राहिले आणि पुढच्या वर्षी वार्षिक शुल्क लागले. ते भरले न गेल्याने विलंब आकार, त्यावर व्याज आणि या सगळ्यावर जीएसटी असे होत होत आकडा फुगला असणार. तसे असेल तर उताऱ्यात आपली स्वतःची एकही खरेदी दिसणार नाही, आणि आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा बँकेच्याच कागदावर मिळेल.

उतारा हाती आल्यावर बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला आणि मुख्य नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला) लेखी तक्रार पाठवावी. ‘माझा स्कोअर खराब झाला आहे, कृपया मदत करावी’ अशा भाषेत लिहू नये. कोणता रकाना चुकला आहे, तिथे आज काय लिहिले आहे आणि काय असायला हवे, हे नेमके सांगावे: खात्याची स्थिती ‘बंद’, थकीत रक्कम शून्य, बंद झाल्याचा दिनांक ईमेलमधील, आणि त्यानंतरच्या महिन्यांतील थकीत दिवसांचे आकडे रद्द. शेवटची मागणी बहुतेक लोक विसरतात. बाकी शून्य होते, पण महिन्यांच्या रांगेत जुने आकडे तसेच राहतात आणि पुढचा कर्जदाता नेमके तेच पाहतो. चुकीचे शुल्क मागे घेतल्याचे आणि नोंद दुरुस्त करण्यासाठी माहिती पाठवल्याचे पत्रही त्याच अर्जात मागावे.

वसुली एजन्सीच्या दोन हजारांबद्दल स्पष्टच सांगतो, ते भरू नयेत. ‘सेटल्ड’ याचा कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ असा की, या माणसाने देणे मान्य केले, पण पूर्ण दिले नाही. जे देणे नव्हतेच, त्यासाठी हा शिक्का स्वखर्चाने का लावून घ्यायचा? फोनवर काहीही कबूल करू नये. एजन्सीला बँकेने दिलेले अधिकारपत्र मागावे आणि खाते वादग्रस्त असल्याचे त्यांना ईमेलने कळवावे.

कलमकसाई:

ताळेबंद यांच्या उत्तराला तारखांची जोड देतो, कारण अशा प्रकरणांत पुढे सगळे तारखेवर ठरते.

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेले आणि सहा महिन्यांनंतर लागू झालेले परिपत्रक पाहावे. तक्रार नोंदवल्यापासून तीस दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. या तीस दिवसांपैकी एकवीस दिवस बँकेचे असतात. त्या मुदतीत बँकेने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने तीस दिवसांत काम केले नाही तर कंपनीने द्यायची. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजी दिवसांत ही रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. शंभर रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण तक्रारीत या परिपत्रकाचा उल्लेख असला की ती वेगळ्या गठ्ठ्यात जाते, हा माझा अनुभव आहे. मात्र ‘स्कोअर इतकाच का’ या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. ती माहितीतील चुकीसाठी आहे.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकानुसार दुरुस्तीची विनंती नाकारली तर बँकेने कारण कळवणे बंधनकारक आहे. ‘माहिती बरोबर आहे’ हे कारण होत नाही. तेव्हा नव्या तक्रारीत हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा.

आणखी एक खुलासा. कार्ड बंद करायला सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त वेळ लावल्यास दिवसाला पाचशे रुपये, हा नियम आपल्याला कोणीतरी सुचवेलच. तो १ जुलै २०२२ पासून लागू आहे. आपली विनंती २०२१ ची असल्याने त्यावर भिस्त ठेवून अर्ज लिहू नये. एक कमकुवत मुद्दा घातला की बँक उत्तरात तेवढाच पकडून बसते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत, त्यामुळे दोघांविरुद्ध दाद मागता येते. तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, आणि तोच विषय ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात प्रलंबित असेल तर लोकपाल तो घेत नाही. आधी कुठे जायचे, हे विचार करून ठरवावे.

जामीन_नको_रे_बाबा:

दुसऱ्या नोंदीवर कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझे सदस्यनाम पाहून माझे मत आपल्या लक्षात आले असेलच.

ही नोंद चुकीची नाही. अहवालात त्या खात्यापुढे मालकीचा रकाना पाहावा. तिथे ‘जामीनदार’ अशा अर्थाचा शब्द असेल, तर बँकेने खरी माहिती पाठवली आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे नागरी बँकेच्या कर्जाला दोन जामीनदार देणे म्हणजे लग्नपत्रिकेत नाव घालण्यासारखे मानले जाते, पण कायदा त्याकडे तसे पाहत नाही. ‘हे कर्ज माझे नाही’ असा डिस्प्यूट टाकल्यास तो फेटाळला जाईल, आणि त्याचा कार्डाच्या खऱ्या तक्रारीवरही वाईट परिणाम होऊ शकतो.

त्याच रकान्यात ‘वैयक्तिक’ किंवा ‘संयुक्त’ लिहिले असेल, तर मात्र ती चूक आहे आणि तिच्याविरुद्ध जरूर भांडावे. दुसरे, ०३१ आणि ०६१ म्हणजे त्या त्या महिन्यात हप्ता इतके दिवस थकलेला होता. मेव्हण्यांकडून कर्जखात्याचा उतारा घेऊन ते महिने ताडून पाहावेत. हप्ता वेळेवर भरला असून जमा उशिरा दाखवला गेला असेल, तर पावतीच्या आधारे तेवढे आकडे दुरुस्त करून मागता येतील. खरोखरच उशीर झाला असेल, तर ते आकडे राहणार. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे जाऊन खाते एनपीए (अनुत्पादित, म्हणजे बुडीत होऊ घातलेले) होणार नाही, एवढे मेव्हण्यांना बसवून सांगणे आपल्या हातात आहे.

सरळहिशेब:

माझे मत थोडे वेगळे आहे. घराचा व्यवहार ठरला असेल, बयाणा दिला असेल आणि कराराची मुदत संपत आली असेल, तर ४,८७२ रुपयांसाठी लोकपालापर्यंत जाण्यात काय अर्थ आहे? तत्त्वासाठी घर हातचे घालवावे, असे मला वाटत नाही. रक्कम भरावी, कर्ज घ्यावे आणि मग निवांत भांडावे.

ताळेबंद:

सरळहिशेब, घाई असेल तर आपले म्हणणे पूर्णपणे चुकीचे म्हणता येणार नाही, पण मग भरण्याची रीत महत्त्वाची ठरते. दोन हजारांत तडजोड न करता पूर्ण रक्कम भरावी, एजन्सीकडे न देता थेट बँकेकडे भरावी, आणि भरण्याआधी ईमेलने कळवावे की ही रक्कम मला मान्य नाही, गृहकर्ज अडल्यामुळे हक्क राखून व निषेध नोंदवून ती भरत आहे. हा ईमेल नसेल तर नंतर ‘ग्राहकाने बाकी मान्य करून भरली’ एवढेच बँकेच्या दप्तरी राहते. शिवाय पूर्ण रक्कम भरूनही जुने महिने आपोआप पुसले जात नाहीत, तेव्हा नोंद दुरुस्त करण्याची तक्रार तशीही करावीच लागणार.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. कार्डाचा उतारा मिळाला आणि ताळेबंद यांचा अंदाज बरोबर निघाला. एप्रिल २०२२ च्या बिलात ‘वार्षिक शुल्क ४९९ रुपये’ आणि त्याखाली जीएसटीचे ८९ रुपये ८२ पैसे, एवढ्या दोनच ओळी आहेत. पुढच्या प्रत्येक बिलात विलंब आकार आणि व्याज वाढत गेले आहे. माझी खरेदी एकही नाही. अहवालात जामिनाच्या खात्यापुढे ‘जामीनदार’ असेच लिहिले आहे, त्यामुळे ती नोंद मी सोडून देत आहे. सदनिकेच्या कराराला अजून अवधी असल्याने पैसे न भरता नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार पाठवली आहे आणि पोच क्रमांक मिळाला आहे. तोपर्यंत गृहकर्जाच्या बँकेला काय सांगावे?

कलमकसाई:

त्या बँकेला उतारा, २०२१ चा ईमेल आणि तक्रारीची पोच यांच्या प्रती एका पत्रासोबत द्याव्यात व प्रकरण नामंजूर न करता प्रलंबित ठेवण्याची विनंती करावी. नामंजुरी टाळण्याचा प्रयत्न करावा, कारण लगेच दुसऱ्या बँकेकडे अर्ज केला की अहवालात चौकशीची आणखी एक नोंद वाढते. कार्डाच्या बँकेने शुल्क मागे घेतल्याचे पत्र दिले, तर बरेच कर्ज अधिकारी अहवाल बदलण्याची वाट न पाहता त्या पत्रावर पुढे जातात. मात्र तसे करण्याचे त्यांच्यावर बंधन नाही.

बँकांनी पतमाहिती कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याची पद्धत १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे दुरुस्ती झाल्याचे कळल्यावर थोडे थांबून नवा अहवाल काढावा आणि माहिती नोंदवल्याचा दिनांक बदलला आहे का, ते आधी पाहावे. देशात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. एकीकडे खाते बंद आणि दुसरीकडे ‘रिटन ऑफ’ अशी स्थिती राहते, तेव्हा चारही अहवाल काढून ताडावेत. या बँकेकडे आपला नवा मोबाइल क्रमांकही नोंदवून ठेवावा. थकबाकीची माहिती पाठवताना बँकेने ग्राहकाला संदेश किंवा ईमेल करायचा असतो, आणि तो जुन्या क्रमांकावर जात राहिला तर बँकेला तेवढेच निमित्त मिळते.