शब्दचर्चा : ट्यूजडे की चूजडे?

ब्रिटिश वृत्तनिवेदकांच्या तोंडी हल्ली ‘ट्यूजडे’चं ‘चूजडे’ आणि ‘ड्यूक’चं ‘जूक’ ऐकू येतं, हा आळस की अशुद्धपणा, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही नाही.

इंग्रजी ‘ट’ दातांमागच्या हिरडीवर उमटतो. त्याला लागून ‘य’ आला की जीभ टाळूकडे ओढली जाते आणि दोघांचा मिळून ‘च’ होतो. ‘ड’ असेल तर ‘ज’. ‘नेचर’, ‘पिक्चर’, ‘सोल्जर’ या शब्दांत हे काही शतकांपूर्वीच होऊन गेलं आणि तिथला च-ज आज कुणालाही खटकत नाही. मराठी माणसाला तर हे अजिबात परकं वाटू नये. संस्कृत, प्राकृत, मराठी या क्रमाने पाहा : नृत्य, णच्च, नाच. सत्य, सच्च, साच. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. ‘आज’ म्हणताना आपण ‘अद्य’ बिघडवतो असं कोण म्हणेल? एक फरक मात्र आहे. ‘नेचर’मध्ये हा बदल आघात (जोर) नसलेल्या अक्षरात झाला, ‘चूजडे’त तो आघाताच्या अक्षरापर्यंत पोचला आहे, म्हणून कानाला जास्त जाणवतो. (‘स्यूट’चं ‘सूट’ होताना ‘य’ सरळ गळलाच. मराठीत आपण शिवतो तो सूटच.)

आता ‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’ बघा. ‘लिसन’, ‘सॉफन’ यांच्याप्रमाणे ‘ऑफन’मधला ट बोलण्यातून कधीच गेला होता. तो परत आला स्पेलिंगमुळे. ‘फोरहेड’चा जुना उच्चार ‘फॉरिड’ आणि ‘वेस्टकोट’चा ‘वेस्किट’. शाळा वाढल्या, लोक शब्द ऐकण्याआधी वाचू लागले आणि लिहिलेलं अक्षर न् अक्षर उच्चारू लागले. एकीकडे ध्वनी गळतात, दुसरीकडे गळलेले परत येतात. आळसाने यातलं फार तर अर्धंच समजावता येईल.

प्रसारमाध्यमांमुळे भाषा बिघडली, हेही मला पटत नाही. बीबीसीने 1926 मध्ये उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर जॉर्ज बर्नार्ड शॉ. निवेदकांनी कोणता शब्द कसा म्हणावा, हे समिती सुचवत असे. एवढी मोठी माणसं बसूनही लोकांचं बोलणं बदलत राहिलं. 1941 मध्ये यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांनी देशभरच्या बातम्या आपल्या उत्तरेकडच्या वळणाने वाचल्या, शेवटी ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणाले, तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. आज तिथे प्रादेशिक वळणाचे निवेदक रोज ऐकू येतात. खुद्द राणी एलिझाबेथचे स्वरही सरकले होते. तिच्या नाताळच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं तपासून जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवून दिलं, की 1950 च्या दशकापेक्षा 1980 च्या दशकात तिचे स्वर सर्वसाधारण दक्षिणी इंग्रजीच्या जवळ आले होते. राणीला कोण आळशी म्हणणार?

माणसांच्या आणि गावांच्या नावांबाबत मात्र मी आग्रही आहे. सामान्य शब्द सगळ्यांचे असतात, नाव त्या माणसाचं, त्या गावाचं. तिथे विचारून, ऐकूनच बोलावं. बीबीसीचा उच्चार विभागही नावांवरच अधिक मेहनत घेतो, हे मला फार योग्य वाटतं.

राहिलं ‘शेड्यूल’ आणि ‘स्केड्यूल’. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा आरंभी नुसता ‘स’ होता. म्हणजे ‘श’सुद्धा मूळचा नाही. ‘स्क’ अमेरिकेत रुजला, अमेरिकी कोशकार नोआ वेबस्टरच्या शिफारशीने, ग्रीक मुळाकडे बोट दाखवून. आता ब्रिटनमधली तरुण मंडळीही तोच उच्चार करतात. मराठीत हा शब्द ब्रिटिश अमलात, कायदा आणि बँकांच्या कागदांतून आला, म्हणून देवनागरीत ‘शेड्यूल’च लिहावं. बोलताना कुणी ‘स्केड्यूल’ म्हणालं, तर त्याला थांबवण्याचं काहीच कारण नाही.