पॅरोल, फर्लो आणि मुदतपूर्व सुटका: कुठे काय म्हणायचं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या तुरुंगांवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. जन्मठेपेच्या कैद्याला सोडायचं की नाही, हे तिथलं ‘पॅरोल बोर्ड’ ठरवतं. आपल्याकडे पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात, म्हणून ‘अभिवचन रजा मंडळ’ लिहिलं. चालेल ना?

– नाही चालणार. रजा म्हटली की परत येणं आलंच. तिकडच्या बोर्डाने सोडलेला माणूस परत यायचा नसतो. तो अटींवर बाहेर राहतो, अटी मोडल्या तर पुन्हा आत. आपला पॅरोल मूळचा 1959 च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांतला. वडील वारले, बायकोचं बाळंतपण आहे, पुरात घर पडलं, असं कारण दाखवायचं. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात, नातेवाईक जामीन राहतो आणि ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं. फर्लो म्हणजे ‘संचित रजा’. तिला असं खास कारण लागत नाही, घरादाराशी नातं टिकावं म्हणून ती देतात. पण म्हणून ती हक्काची नव्हे.

तुमच्या बोर्डाच्या कामाला जवळचा आपला शब्द ‘मुदतपूर्व सुटका’. तिथे काय तपासायचं, ते सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितलंय: गुन्हा व्यक्तिगत होता की समाजाला झळ पोचवणारा, तो पुन्हा घडेल का, गुन्हा करायची ताकदच या माणसात उरली नाही असं आहे का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, घरची परिस्थिती काय. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मतही मागवतात. फरक एवढाच, की अशा सुटकेसाठीचं आपलं सल्लागार मंडळ नावाप्रमाणे सल्लाच देतं, निर्णय सरकारचा. इंग्लंडचं बोर्ड स्वतः सुटकेचा आदेश देतं, आणि त्याचा मुख्य प्रश्न एकच: लोकांच्या सुरक्षिततेसाठी याला आत ठेवणं अजून गरजेचं आहे का?

– मग पेपरात सर्रास ‘पॅरोलवर सुटका’ छापतात ते?

– ‘पॅरोलवर बाहेर’ म्हणावं, सुटका नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं, की मुदतपूर्व सुटकेसाठी 14 वर्षं मोजताना पॅरोलवर काढलेले दिवस धरायचे नाहीत. आणि जन्मठेप म्हणजे 14 वर्षं हाही गैरसमजच. खुनासारख्या गुन्ह्यात त्याआधी सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे गोपाळ गोडसेच्या खटल्यात 1961 सालीच ठरलंय.

– आणि ‘रेमिशन’ला ‘शिक्षामाफी’ चालेल का?

– मला नाही आवडत. ‘माफी’ ऐकलं की गुन्हाच पोटात घातला असं वाटतं, पण दोष तसाच राहतो, फक्त शिक्षेचे दिवस कमी होतात. ‘शिक्षेत सूट’ लिहा. राज्यपालांची माफी वेगळी, ती राज्यघटनेच्या 161 व्या कलमाखालची.

– बरं, मग ‘मुदतपूर्व सुटका मंडळ’ करतो, पहिल्या उल्लेखात ‘पॅरोल बोर्ड’ही ठेवतो. आणि तिकडे सुटताना ‘लायसन्स’ देतात, त्याला ‘परवाना’?

– नको हो, देशी दारूचं दुकान आठवतं. ‘सशर्त सुटका’ करा.